छर्‍याच्या बंदुकीची दुर्बीण

वाघाच्या शिकारीच्या बंदुकीवर जी दुर्बीण वर्षानुवर्षं टिकली, ती छर्‍याच्या बंदुकीवर आठ दिवसांत का फुटावी? सांगा बरं. पण घाई करू नका. मी केली होती. माझं उत्तर तयार होतं, त्यात एक गुन्हेगारही होता, आणि ते उत्तर मी पाचशे प्रतींत छापून जळगाव, अमळनेर आणि धुळ्यात वाटून मोकळी झाले होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी वीस वर्षांची होते. धुळ्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत छपाईचं ट्रेडल मशीन होतं, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. दिवसा वडील लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापत. संध्याकाळी कुणीतरी घडी घातलेला कागद घेऊन दारात उभं राही आणि पत्रक निघे. कधी पाण्याच्या टाकीवरून, कधी अडवलेल्या शिष्यवृत्तीवरून, कधी स्मशानाच्या जागेवरून. अक्षरं मी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या खणांतून शिकले, तीही उलटी. माझ्या वह्यांना बिघडलेल्या पत्रकांची कव्हरं असत. चौथीत माझ्या गणिताच्या वहीवर ‘बंधूंनो, जागे व्हा’ असं होतं. अशा घरातल्या मुलीला राग आला की ती रडत नाही, भांडतही नाही. ती मथळा शोधते.

वडिलांची मात्र एक पद्धत होती आणि ती ते कुणाला मोडू देत नसत. पत्रकात कुणावर आरोप असला की ओलं प्रूफ घेऊन सायकलवरून त्या माणसाच्या दारात जायचं आणि त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. मगच मशीन चालू. शिव्या बसत. एकदा एका रेशन दुकानदारानं त्यांच्या अंगावर पाणी फेकलं. वडील भिजून परत आले, टॉवेलनं डोकं पुसलं आणि एक ओळ बदलली, कारण तणतणत का होईना, त्या माणसानं गोदामाची चिठ्ठी दाखवली होती. पोती मुळातच हलकी येत होती. मी तेव्हा नववीत होते. ती ओळ बदलणं मला माघार वाटली होती.

कॉलेजसाठी मी जळगावला गेले आणि तिथल्याच मेहरूण भागात वडिलांच्या थोरल्या भावाकडे राहिले. त्यांना सगळे नाना म्हणत, मीही. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. होमगार्डमध्ये असताना नेम धरायला शिकले होते, आणि दर रविवारी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये रायफल क्लबच्या लोकांना शिकवत. क्लब म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, दहा मीटरवर लाकडी चौकटी, त्यांच्यामागे वाळूची पोती आणि चार छर्‍याच्या बंदुका. नळी बिजागरीवर वाकवून छर्रा भरायचा, आत स्प्रिंग. परवाना लागत नाही तसल्या. नानांचा नियम एकच होता, कागदावर मारायचं, जिवावर नाही. रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी माकडं हाकलायला बंदूक मागत आला, तेव्हा नानांनी त्याला चहा पाजला आणि फटाके घ्यायला बाजारात पाठवून दिलं.

त्या क्लबात एक रीत होती. वार्षिक स्पर्धेच्या सकाळी, पहिल्या फेरीच्या आधी, शिकवणार्‍यानं सगळ्यांसमोर दहा छर्रे मारायचे. गुण धरायचे नाहीत, पण ते कार्ड दिवसभर खांबाला टाचलेलं राहायचं. नियम एवढाच की बंदूक क्लबची पाहिजे. नाना सतरा वर्षं ते दहा छर्रे मारत आले होते. मग मोतीबिंदू आला, ऑपरेशन झालं, आणि बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा चष्मा लागला. समोरचं कार्ड दिसलं तर नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, दिसेना. माशी दिसली तर कार्ड म्हणजे नुसता पांढरा डाग. आदल्या वर्षी दहांतले तीन छर्रे कार्डाला लागले. ते कार्ड दिवसभर खांबावर होतं. जेवायच्या सुट्टीत लोक त्याच्यापाशी उभे राहून हळूच हसत होते, आणि नाना दहा हातांवर बसून भाकरी खात होते.

क्लबचे सेक्रेटरी वाईट नव्हते. पुढच्या स्पर्धेला महिना उरला तेव्हा ते घरी आले.

“नाना, या वर्षी खुर्चीत बसा. शिट्टी वाजवा. पोलिसातून एक जमादार निवृत्त झालेत, ते शिकवतील.”

“काबर? काय व्हयनं माले?”

“तुम्हाला काही झालं नाही. कार्ड बघितलं ना सगळ्यांनी.”

“दहा छर्रे मारसू. मंग बोल,” नाना म्हणाले.

सेक्रेटरींनी मान हलवली. दहा छर्रे कार्डाला लागले तर नाना शिकवणार, नाही तर जमादार. हे उघड ठरलं, घरात, माझ्यासमोर.

उपाय नानांनीच काढला. दुर्बीण. दुर्बिणीत कार्ड आणि त्याच्यावरचा तारांचा क्रॉस एकाच ठिकाणी दिसतो. डोळ्याला जवळ-लांब धावावं लागत नाही. पण बंदूक त्यांना तीच हवी होती, चौघींतली सर्वांत नेमकी. तिची मूळची स्प्रिंग थकल्यावर नानांनी एमआयडीसीतल्या एका कारागिराकडून जाड तारेची नवी वळवून आणली होती. चाप ओढला की ती असा दणका देई की नवशिक्याच्या गालावर वळ उठे. तिच्यावर बसवायची ती दुर्बीण टिकाऊच पाहिजे, एवढं आम्हाला कळत होतं. टिकाऊ म्हणजे काय, हे कळत नव्हतं.

नव्या पेठेत चष्म्याचं एक दुकान होतं. मालक पुढे चष्मे विके आणि मागच्या टेबलावर दुर्बिणी, कॅमेरे, मोजणीवाल्यांची यंत्रं दुरुस्त करी. दोन्ही जिल्ह्यांत असं काम करणारा दुसरा कुणी माझ्या ऐकिवात नव्हता. बोलायला तुटक. बोलताना समोर बघत नसे, हातातल्या स्क्रूकडे बघे. शोकेसमध्ये दोन दुर्बिणी होत्या. एक लांब, जड, पितळी कडांची. शिरपूरकडच्या एका जुन्या जमीनदाराच्या घरातून आलेली, सातपुड्यात शिकारी चालत तेव्हा मोठ्या बंदुकीवर बसलेली. दुसरी वीतभर, काळी, बारीक. रस्त्यात पडलेली दिसली तरी कुणी वाकणार नाही अशी.

“ती मोठी दाखवा, भाऊ,” मी म्हणाले.

“बंदूक कसली?”

“छर्‍याची. क्लबची.”

“मग ही घ्या.” त्यांनी काळी नळी काचेवरून आमच्याकडे सरकवली. “ती छर्‍याच्या बंदुकीवर तुटेल.”

“वाघाच्या बंदुकीवर तुटली नाही?”

“नाही.”

“आणि छर्‍याच्या बंदुकीनं तुटेल?”

“हो.”

नाना हसले. “आमनी बंदूक त तिनी नात शे, भाऊ. आजीनी लाथ खाई ऱ्हायनी, नातनी लाथ खावाव नही का?”

दुकानदार हसले नाहीत. मागे दोन गिर्‍हाइकं खोळंबली होती. “सांगितलं ना, तुटेल.”

“तसं लिहून द्या,” मी म्हणाले.

“लिहून नाही देत. सांगितलं. घ्यायची तर घ्या. तुटली तर परत आणू नका.”

मी काय पाहिलं ते सांगते. चांगली वस्तू काचेआड, आणि हलकी वस्तू आमच्यापुढे सरकवलेली. हे मी लहानपणापासून पाहत होते. हॉटेलात आमच्यासाठी वेगळा काढलेला दांडा तुटलेला कप. शाळेत मागचा बाक. कॉलेजच्या ऑफिसात ‘तुमचा फॉर्म नंतर.’ त्यामुळे दुकानदाराचे शब्द माझ्या कानावर पडले, पण मी पाहिला तो त्यांचा हात, काळी नळी आमच्याकडे ढकलणारा. मोठी दुर्बीण घेऊनच मी बाहेर पडले. नानांची समजूत वेगळी होती, फिटरची. मोठा दणका सोसणारी वस्तू लहान दणका सोसणारच. आम्ही दोघं आपापल्या वाटेनं एकाच चुकीपाशी पोचलो होतो आणि रिक्षात खूश होतो.

पहिल्या दिवशी सणच झाला. नानांनी दोन कड्यांचे क्लॅम्प घालून दुर्बीण बसवली, डोळ्याकडची काच फिरवत राहिले आणि एकदम ओरडले, “दिसनं! बठ्ठं दिसनं!” कार्ड, क्रॉस, सगळं. दहा छर्रे कार्डाला लागले, तळहाताएवढ्या जागेत. काकूंनी शेजारी पेढे वाटले. मला आठवतंय, मी त्या दिवशी कॉलेजला गेलेच नाही, शेडमध्ये फेर्‍या मारत राहिले.

तिसर्‍या दिवशी छर्रे भटकायला लागले. डोकं जरा हललं की क्रॉस कार्डावर पळे, आणि कार्ड धुरकट दिसे. तसं ते पहिल्या दिवशीही दिसत होतं, पण आनंदात कुणी मनावर घेतलं नव्हतं. पाचव्या दिवशी दुर्बीण मागे सरकलेली आढळली. नानांनी स्क्रू आवळले, एसटीच्या चाकाचे आवळावेत तसे. सहाव्या दिवशी ती पुन्हा सरकली आणि तिची कड भुवईला लागून रक्त आलं. आठव्या दिवशी आतून टक् असा आवाज आला. नानांनी बंदूक माझ्या हातात दिली. मी डोळा लावला. क्रॉसची एक तार तुटून केसासारखी लोंबत होती, पुढची काच तिरपी झाली होती. स्पर्धेला सोळा दिवस होते.

नानांनी बंदूक परत घेतली आणि फडक्यानं पुसली. मला बोलल्यावाचून राहवेना. मी दुसर्‍या दिवशीच्या पहिल्या एसटीनं धुळ्याला गेले. वडील एका बैठकीला अमळनेरला गेले होते. मी खिळे जुळवायला बसले.

‘वृद्ध नेमबाजाची फसवणूक! नव्या पेठेतल्या चष्मेवाल्याची लबाडी! नागरिकहो, शिकारखान्यातला जुना फुटका माल हा माणूस आपल्या माणसांच्या गळ्यात मारतो आणि वर म्हणतो, तुटली तर परत आणू नका!’ असं बरंच. आमच्या खणात उद्गारचिन्हं मोजकीच होती. मी सगळी वापरली. ‘तुटली तर परत आणू नका’ हे मी छापलं. त्याच्या आधी ते तीनदा तुटेल म्हणाले होते, ते छापलं नाही. विसरले नव्हते. मला ते कारण वाटलंच नव्हतं, बहाणा वाटला होता, आणि बहाण्याला कोण जागा देतं? प्रूफ ओलं होतं. जळगावला जाऊन ते वाचून दाखवायचं म्हणजे एक दिवस जाणार. मी पिवळा कागद मशीनवर चढवला.

संध्याकाळपर्यंत धुळ्यात आग्रा रोडवर शंभर वाटले. अमळनेरच्या स्टँडवर शंभर. उरलेले जळगावात, कॉलेजच्या फाटकापासून थेट नव्या पेठेच्या कोपर्‍यापर्यंत. पाय दुखत होते आणि मला फार बरं वाटत होतं. दोन दिवसांनी कळलं, एका शाळेनं मुलांचे डोळे तपासायचं काम त्या दुकानदाराकडून काढून घेतलं. मला आणखी बरं वाटलं.

दुर्बीण फुटली त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी नाना ओट्यावर बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. दुर्बीण काढून ठेवलेली. मला हाक मारली आणि बंदुकीच्या पाठीवर, क्लॅम्प बसतात त्या पट्टीवर, बोट ठेवलं. काळ्या रंगावर एक चकाकता ओरखडा होता.

“देख. क्लॅम्प कोनीकडे सरकना?”

“मागे. तुमच्या डोळ्याकडे.”

“बंदूक मांगे दणका देस. मंग वरनी वस्तू कोनीकडे जाई? एसटी एकदम मांगे लिधी तर तू कोनीकडे पडशी?”

मी विचार केला. “पुढे.”

“मंग दुर्बीण मांगे कशी वनी?”

 उत्तर नानांनी स्वतःच दिलं. बंदूक आधी मागे येते. पण आत स्प्रिंगनं ढकललेला दट्ट्या पुढे जाऊन आदळतो, तसा बंदुकीला पुढच्या बाजूला झटका बसतो, पहिल्यापेक्षा तीव्र. क्षणात दोन धक्के, उलटसुलट. म्हणून वरची दुर्बीण मागे. मोठ्या बंदुकीत हा दुसरा धक्का नसतोच.

“चाळीस वरीस गाड्या खोल्यात मी,” ते म्हणाले, “आनी माले हाई पहिल्या दिवशी दिसनं नही. तो मानूस खरं बोलना व्हता.”

मग त्यांनी ओट्याच्या कोनाड्यातून पिवळा कागद काढला. किराण्याच्या दुकानात कुणीतरी त्यांच्या हातात दिला होता. “हाई तुनं शे?”

“हो.”

“त्याले वाची दखाडं व्हतं?”

मी मान खाली घातली. घरची पद्धत त्यांनाही ठाऊक होती. त्यांच्या धाकट्या भावानं ती काही हवेतून आणली नव्हती.

त्याच दिवशी आम्ही दुकानात गेलो. तीन गिर्‍हाइकं होती. मी म्हणाले, “भाऊ, हा कागद छापायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवायला हवा होता. आता दाखवते.”

“दाखवा,” ते म्हणाले. हातातलं काम थांबवलं नाही.

मी वाचलं. माझाच मजकूर, माझ्याच तोंडानं, आणि प्रत्येक उद्गारचिन्हापाशी आवाज खाली जात होता. चष्म्यासाठी थांबलेली एक बाई म्हणाली, “अगं बया, हे तू लिहिलंस?” ‘तुटली तर परत आणू नका’पाशी दुकानदारांनी हात वर केला.

“त्याच्या आधी मी काय म्हणालो होतो?”

“तुटेल म्हणाला होता.”

“ते कुठंय?”

“छापलं नाही.”

“जागा नव्हती?”

“जागा होती. मला ते खरं वाटलं नव्हतं.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग नानांच्या हातातली फुटकी दुर्बीण घेतली, दोन टोकांच्या हत्यारानं तिचं तोंड उघडलं आणि काच तळहातावर घेतली. आतली पितळेची जागा दाखवली. “हा खांदा. मोठ्या बंदुकीचा सगळा जोर एका अंगाला येतो, म्हणून खांदा एकाच अंगाला. दुसर्‍या अंगाला काय आहे? ही कडी. नखाएवढी. तुमची बंदूक दोन्ही अंगांनी मारते. आणि ही शंभर पावलांपलीकडे बघायला बनवलेली, दहा मीटरवर धूसर दिसणारच. क्रॉस तारेचा, तो तर आधी जाणार.”

“हे त्या दिवशीच का नाही सांगितलं?” मी विचारलं. लाज वाटत असतानाही मी भांडतच होते.

“तुम्ही विचारलं नाहीत. लिहून मागितलंत.”

नाना हसले. दुकानदारांनी ड्रॉवरमधून काळी नळी काढली. तिच्यात भिंगांना दोन्हीकडून आधार होता. क्रॉस तारेचा नव्हता, काचेवरच कोरलेला. जवळ-लांब करायचं फिरतं कडं नाही. “फिरणारं जितकं कमी तितकं ढिलं होणारं कमी,” ते म्हणाले. वजनाला हलकी, म्हणजे झटक्यानं तिचा स्वतःचा ओढा कमी. “दोन सुट्या कड्या नकोत, एकच लांब क्लॅम्प घ्या, आणि त्याच्या मागे पट्टीत भोक पाडून पिन ठोका. घेऊन जा. स्पर्धा कधी?”

“अकरा दिवस शेतस,” नाना म्हणाले. आणि हात मागे घेतला. “आज नही लेवाव. पहिले तिले बठ्ठा कागद परत आनू दे. तुना नावना कागद गावभर फिरी ऱ्हायना आनी मी तुनी दुर्बीण लाई दहा छर्रे मारू?”

“नाना, ते मी बघून घेईन.”

“तू देखशी. माले बी दिसस आजून थोडंफार.”

पुढचे अकरा दिवस मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. वाटायला दोन दिवस लागले होते. परत मागायला गेलं की प्रत्येक दारात थांबावं लागतं, समजावावं लागतं. नव्या पेठेतला एक पानवाला म्हणाला, “काल म्हणत होता जागे व्हा, आज म्हणता झोपा?” अमळनेरच्या स्टँडवर एक कागद भिंतीला खळीनं चिकटवलेला होता, मी पाणी मारून खुरप्यानं खरवडत होते तर कंट्रोलर धावत आला, त्याला वाटलं मी आणखी एक चिकटवतेय. एका भजीवाल्यानं चाळीसेक कागद पुड्या बांधून संपवले होते. धुळ्यात वडिलांनी काही न विचारता सायकल काढली आणि आग्रा रोडवर माझ्याबरोबर दुकानामागून दुकान फिरले. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. एका वकिलांनी कागद परत द्यायला साफ नकार दिला. “पुरावा आहे,” म्हणाले. “कशाचा?” वडिलांनी विचारलं. “ते पुढे कळेल.”

स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझ्याकडे तीनशे सदतीस कागद होते. मी ते नानांसमोर ठेवले आणि म्हणाले, “आता दुर्बीण घ्या. दुपार आहे अजून, बसवून होईल.”

नानांनी गठ्ठा उचलून वजन बघितल्यासारखं केलं. “बाकीना?”

“नाही मिळत. नाना, उद्या स्पर्धा आहे!”

“माले म्हाईत शे.”

मी ओरडले, रडले, काकूंनाही बोलले. म्हणाले, चूक माझी, शिक्षा तुम्ही का घेता? नाना उठले. बंदुकीला तेल दिलं आणि सेक्रेटरींकडे पोचवून आले.

सकाळी दहा छर्रे जमादारांनी मारले. माणूस नम्र होता. मारायच्या आधी नानांच्या पाया पडला. कार्ड खांबाला टाचलं. नाना जवळ गेले, चष्मा वर केला, खाली केला, नाकाएवढ्या अंतरावरून बघितलं. “चांगलं मारं,” म्हणाले. मी शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिले. आत टाळ्या वाजत होत्या.

मी कागद गोळा करतच राहिले. तीन आठवड्यांनी एका दुपारी दुकानदार स्कूटरवरून मेहरूणला आले. हातात काळी नळी, लांब क्लॅम्प आणि पिन.

“नाना, ते कागद संपायचे नाहीत. नाव माझं आहे ना? मी म्हणतो बस.”

नानांनी पिन हातात घेऊन निरखली. मग त्यांनी सेक्रेटरींकडून बंदूक मागून आणली. पट्टीला भोक पाडलं, पिन ठोकली, दुर्बीण बसवली. दुकानदारांची अट होती की आधी काहीही न फिरवता शंभर छर्रे मारायचे, मग मत द्यायचं. शेडमध्ये आम्ही तिघंच. मी छर्रे भरून देत होते, नाना मारत होते. पहिल्या दहांचं आणि शेवटच्या दहांचं कार्ड एकावर एक ठेवलं तेव्हा दोन्ही भोकांचे घोळके रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. पिनेपाशी ओरखडा नव्हता. दुकानदारांनी शेवटच्या दहांचं कार्ड मागून घेतलं आणि दुकानात लावलं. ते बघायला कोण येणार होतं? क्लबचे लोक तोवर जमादारांकडे शिकत होते. पुढच्या वर्षीही दहा छर्रे त्यांनीच मारले. नाना बाकावर बसत. कुणाच्या बंदुकीवर दुर्बीण ढिली झाली तर ती त्यांच्याकडे येई. शिकवायला त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि त्यांनी कधी मागितलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. यातून कुणी असं काढू नये की आमच्यापुढे सरकवलेले सगळेच कप धड होते. ते तुटकेच होते, आजही आहेत, आणि त्यांच्यावर मी अजून लिहिते, अजून छापते. म्हणूनच तो एक खोटा कागद मला जास्त बोचतो. त्या वकिलासारख्यांना तोच एक पुरे होतो, बाकीचे खरे कागद केराच्या टोपलीत टाकायला. आता प्रत्येक ओलं प्रूफ मी हातात घेऊन जाते. कित्येकदा दार उघडत नाहीत. मी दाराबाहेरून वाचते.

माझ्या हिशेबानं शंभरेक कागद अजून बाहेर असावेत. गेल्या उन्हाळ्यात शिरपूरला एका घरी फडताळात अंथरलेला एक निघाला, त्याच्यावर डाळीचे डबे ठेवलेले. दुकानदार अजून त्याच जागी बसतात आणि अजूनही एखादं गिर्‍हाईक विचारतं, ‘तुमच्यावर मागे काहीतरी छापून आलं होतं ना?’

म्हणून मागणं आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर, जिथे कुठे असाल तिथे घरातली फडताळं, पेट्यांचे तळ, जुन्या वह्यांची कव्हरं एकदा उचलून बघा. पिवळा, हातभर लांब, उद्गारचिन्हांनी भरलेला कागद सापडला तर फाडू नका आणि मला पाठवूही नका. पेन घ्या. ‘तुटली तर परत आणू नका’ या ओळीच्या वर जागा आहे, मीच सोडली होती. तिथे तुमच्या अक्षरात लिहा: ‘ही दुर्बीण छर्‍याच्या बंदुकीवर तुटेल, हे दुकानदारानं आधीच सांगितलं होतं.’ खाली स्वतःची सही करा आणि कागद होता तिथे परत ठेवा.